फणसाखालची गाडी

चालत नसलेल्या गाडीच्या विम्यावर पैसे घालू नयेत, असं मी बरीच वर्षं ठामपणे म्हणत आले. शाळेत स्टाफरूममध्ये म्हटलं, बोरिवलीच्या भाच्याला फोनवर समजावून सांगितलं. आज माझं ते मत राहिलेलं नाही. माझं ऐकून दोघातिघांनी तसंच केलं होतं, म्हणून हे लिहिणं मला गरजेचं वाटतं.

जानेवारी 2021 मध्ये ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मला गाडी चालवता येत नाही. म्हणजे सहा महिने तरी ती दारातच राहणार होती, आणि पॉलिसी 20 मार्चला संपत होती. थर्ड पार्टीचा, म्हणजे इतरांच्या नुकसानीचा, हप्ता सरकारी पातळीवर ठरतो. आमच्या गाडीला, म्हणजे 1,000 ते 1,500 सीसीच्या गटाला, तेव्हा 3,221 रुपये अधिक जीएसटी. तो कमी होणार नव्हता. उरला ओन डॅमेजचा भाग, आपल्याच गाडीच्या नुकसानीचा. पाच वर्षं क्लेम नसल्यामुळे त्यावर 50 टक्के नो क्लेम बोनस होता आणि जीएसटीसकट तो 3,068 रुपयांना पडत होता. तो भाग मी काढून टाकला. एजंट म्हणाला, "बाई, राहू दे." मी म्हटलं, "दारात उभ्या गाडीला कोण येऊन धडकणार आहे?"

दारात म्हणजे नेमकं कुठे, याचा विचार मी केला नाही. एरवी आमची गाडी मांगरात, म्हणजे घराजवळच्या शेडमध्ये, असते. पण एप्रिल आला की मांगर हापूसचा. गवत पसरून आढी लागते, पेट्या रचल्या जातात, आणि गाडी बाहेर फणसाखाली जाते. आमच्या जामसंड्यात हापूसची चार कलमं असलेल्या बऱ्याच घरांत हे असंच चालतं. दरवर्षी नेमक्या वादळाच्या महिन्यात आम्ही गाडी झाडाखाली लावत होतो.

16 मे 2021, रविवार. तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून उत्तरेकडे जात होतं. वीज गेलेली, कौलं उडत होती. मोठा आवाज झाला आणि शेजारच्या भाऊंची हाक आली, "वैनीनू, भायर येव नकात! फणस पडलो!"

वारा ओसरल्यावर मी गाडीजवळ गेले. टप पुढच्या सीटपर्यंत खचला होता. समोरची काच जाळीसारखी तडकून आत लोंबत होती. बॉनेटवर तीन फणस फुटले होते आणि त्यांचा चीक काचेच्या चुऱ्यात मिसळून दारावरून ओघळत होता. तिकडे देवगडच्या आनंदवाडी बंदरात होड्या बुडाल्या होत्या, माणसं गेली होती. त्या दिवशी गाडीचं दुःख करायची मला लाज वाटली. तीन हजार अडुसष्ट हा आकडा मात्र डोक्यातून जाईना.

दुरुस्तीला 54 हजार लागले. ते सगळे खिशातून गेले. बोनसचं नुकसान मला उशिरा कळलं. पॉलिसी संपल्यापासून 90 दिवसांत ओन डॅमेज पुन्हा घेतला तर बोनस टिकतो. म्हणजे 18 जूनपर्यंत मुदत होती. पण खंड पडला की आधी गाडीची तपासणी होते, आणि मोडलेली गाडी त्यात कशी बसणार? लॉकडाऊनमुळे पार्ट जुलैत आले. पाच वर्षांचा बोनस गेला, हप्ता जवळजवळ दुप्पट झाला.

त्या पावसाळ्यात मी जुनी पॉलिसी पहिल्यांदा नीट वाचली. नुकसानीच्या कारणांची दहा कलमी यादी असते: आग व वीज पडणं, चोरी, दंगल, भूकंप, पूर व वादळ, बाहेरून झालेला अपघात, मुद्दाम केलेली नासधूस, दहशतवाद, वाहतुकीत असताना झालेलं नुकसान, दरड. गाडी चालवण्याशी ज्याचा खरा संबंध, तो त्यातला अपघात. बाकीचं बहुतेक सगळं उभ्या गाडीलाही होऊ शकतं. मी विमा रस्त्याचा समजत होते. तो वस्तूचा होता, आणि वस्तू माझ्या अंगणात होती.

खर्च कमी करायला वाट होती, फक्त मी चुकीचा भाग कापला. 2002 च्या मोटर टॅरिफमध्ये, म्हणजे वाहन विम्याच्या नियमांत, तेव्हा 11 क्रमांकाचं एक कलम होतं, बंद ठेवलेल्या गाड्यांचं. सलग दोन महिने तरी गाडी गॅरेजमध्ये ठेवणार असं कंपनीला कळवायचं. त्या काळात आग, चोरी, वादळ, पूर अशा कारणांपुरतंच संरक्षण राहायचं आणि त्याबदल्यात पुढच्या हप्त्यात सूट किंवा मुदतवाढ मिळायची. एवढी वर्षं मला हे कुणी सांगितलं नव्हतं, मीही कधी विचारलं नव्हतं. आणि जुलै 2022 पासून विमा नियामक आयआरडीएआयने किलोमीटरप्रमाणे हप्त्याची सोय मान्य केली आहे, ती तर आमच्यासारख्यांच्याच कामाची.

भाच्याने मध्यंतरी विचारलं, "मावशी, गाडी सोसायटीबाहेर नुसती उभी असते, थर्ड पार्टीही सोडू का?" पूर्वीची मी कदाचित हो म्हणाले असते. आता त्याला सातारा जिल्ह्यातल्या पेट्रोल टँकरची गोष्ट सांगितली. हायवेवर धडकून उलटलेला टँकर काही तास तसाच पडून होता, मग स्फोट होऊन माणसं मेली. 1991 साली सर्वोच्च न्यायालयाने हा गाडीचा 'वापर'च धरला. सार्वजनिक जागी विम्याशिवाय गाडी वापरल्याचा दंड 2,000 रुपये आहे, तुरुंगवासही होऊ शकतो. पण मला जास्त भीती त्या भरपाईची वाटते, जी मग मालकाच्या अंगावर येते. भाच्याने त्याच संध्याकाळी पॉलिसी भरली.

आम्ही आता रोडसाइड असिस्टन्ससारखं अॅड-ऑन काढून टाकलं आहे, ओन डॅमेज ठेवला आहे. आढी लागली की गाडी विहिरीकडच्या मोकळ्या जागेत जाते. तिथे ऊन फार लागतं, पण वर झाड नाही. हप्ता किलोमीटरप्रमाणे घेतल्यामुळे मार्चमध्ये नूतनीकरणाआधी मीटरचा फोटो काढावा लागतो. हे आत बसून आकडा मोठ्याने वाचतात आणि मी वहीत तारखेसह लिहून घेते. गेल्या वर्षभरात 2,140 किलोमीटर झाले.