आजचे, उद्याचे, परवाचे

दिवाळीच्या आधी नागपूरहून मलकापूरला काकांकडे निघालो होतो. मेहकरपर्यंत समृद्धी महामार्ग. 2022 च्या डिसेंबरमध्ये हा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला तेव्हापासून माझ्यासारख्यांची चैनच झालीये. क्रूझ कंट्रोल लावायचा आणि बसायचं. पण तीन तासांत गाडीच्या खिडकीशी एकही माणूस आला नाही. शेंगा नाहीत, संत्री नाहीत, "ओ सायेब" नाही. दोन्हीकडे कुंपण. लेकाने विचारलं, "बाबा, इथे कोणीच काही विकत नाही का?" म्हटलं, ताशी 120 ने जाणाऱ्या माणसाला काय विकणार रे?

मेहकरला उतरून चिखली, बुलढाणा, मग राजूर घाट. मोताळ्याला आलो आणि मला रोहिणखेडला जायची हुक्की आली. बायकोने नेहमीसारखा चेहरा केला. कारण काय, तर गॅझेटियरमध्ये वाचलं होतं की तिथे 1582 ची एक जुनी मशीद आहे आणि तिथे दोन मोठ्या लढाया झाल्या. 1437 मध्ये बहामनी सेनापती खलफ हसनने खानदेशच्या नासिरखानाला तिथे हरवलं. दीडशे वर्षांनी बुऱ्हाण निजामशहाने जमालखानाला. एवढ्याशा गावात दोन लढाया का? तर गाव डोंगराच्या अगदी पायथ्याशी. खालून घाट चढणारं सैन्य तिथे रेंगाळणारच.

असो. विषयांतर झालं. पण पूर्ण नाही :)

कारण गावाच्या अलीकडे, स्पीडब्रेकरच्या पुढे दहा पावलांवर, एक मावशी सीताफळं घेऊन बसल्या होत्या. पुढे नाही, मागे नाही, बरोबर तिथेच, जिथे गाडी दुसऱ्या गिअरवर येते. सेनापतींना जे कळत होतं ते मावशींनाही कळत होतं.

समोर तीन टोपली, वर पाला.

"हे आजचे, हे उद्याचे, हे परवाचे. कवा खाता ते सांगा."

सीताफळाचं गणित फार कठीण आहे राव. डोळे उघडले, मधल्या रेघा पिवळट पडल्या की तोडायचं. मग दोन-तीन दिवसांत ते मऊ पडतं आणि त्यानंतर एक दिवससुद्धा थांबत नाही. फ्रीजमध्ये ठेवलं तर साल काळी पडते. बार्शीच्या नवनाथ कसपट्यांनी काढलेली एनएमके-1 गोल्डन ही जात जास्त टिकते, फळ मोठं, बिया कमी, म्हणून शहराच्या बाजारात तिचाच रुबाब. मावशींचं फळ मात्र डोंगरातलं गावरान. मुठीएवढं, बियांनी भरलेलं आणि भलतंच गोड. व्यापाऱ्याकडे नेलं तर तो म्हणेल तो भाव. म्हणून रस्ता. आमच्याकडे रिलीज एक दिवस लांबला तर मेल जाते, यांच्याकडे अख्खं टोपलं जातं.

"केवढ्याला मावशी?"

"टोपलं दीडशे."

बायकोने सव्वाशे म्हटलं. मावशी हसल्या आणि टोपल्यात आणखी दोन फळं टाकली, भाव मात्र सोडला नाही. पैसे मुलाच्या नंबरवर घ्यायच्या, तो पुठ्ठ्यावर लिहून ठेवलेला.

इथपर्यंत सगळं छान होतं. मग मला ज्ञान पाजळायची उबळ आली. म्हटलं, मावशी, रस्त्यावर विकणाऱ्यांसाठी सरकारची योजना आहे, पीएम स्वनिधी, कर्ज मिळतं, तारण लागत नाही. त्यांनी हातातलं काम थांबवलं.

"कोनाले भेटा लागीन?"

"ग्रामपंचायतीत विचारा," मी ठोकून दिलं. अगदी हेल्पडेस्कच्या आवाजात.

रात्री काकांच्या गच्चीवर फोनवर सहज वाचत बसलो. 2020 च्या जूनमध्ये ही योजना आली ती शहरी फेरीवाल्यांसाठी. तेव्हा आधी 10,000 रुपये मिळायचे, ते फेडले की पुढचं कर्ज. पुढे शहरालगतच्या भागापर्यंत ती वाढवलीही, पण शिफारस लागते ती शहरातल्या संस्थेची. मुळात 2014 चा पथविक्रेत्यांचा कायदाच शहरांचा. नगर पथविक्रेता समिती, सर्वेक्षण, विक्रीचं प्रमाणपत्र, सगळं नगरपालिका, नगरपंचायतीच्या हद्दीत. रेल्वेची जागा आणि गाड्या तर त्यातून नाव घेऊन वगळल्यात. खेड्याबाहेर स्पीडब्रेकरपाशी बसलेली बाई त्या कायद्याला दिसतच नाही. पुण्यात आमच्या सोसायटीबाहेरच्या भाजीवाल्याला जो कागद मिळू शकतो तो तिला नाही, आणि तो मिळू शकतो हे मी तिला छातीठोकपणे सांगून आलो होतो.

झोप लागेना. नंबर होताच, पैसे पाठवलेला. त्या ॲपमध्ये निरोपही लिहिता येतो. लिहिलं, "काल रोहिणखेडजवळ तुमच्या आईकडून सीताफळं घेतली. मी कर्जाबद्दल बोललो ते चुकीचं होतं. ती योजना शहरातल्यांसाठी आहे. त्यांना उगाच हेलपाटा घालू देऊ नका. माफ करा."

परवाची सीताफळं खरंच परवाच पिकली. सगळी एकदम. काकूंनी अर्ध्यांची बासुंदी केली.

उत्तर तिसऱ्या दिवशी आलं.

"आई जाऊन आली. तुमी कोन?"