अंगातल्या यंत्राचा सातबारा

वाचकहो, तुमच्या शेताचा सातबारा कुठे ठेवला आहे असे कुणी अर्ध्या रात्री उठवून विचारले, तरी तुम्ही अंधारात हात घालून तो काढून द्याल. गट नंबर तोंडपाठ, खाते नंबर तोंडपाठ. पण घरातल्या वडीलधाऱ्याच्या छातीत जो पेसमेकर बसवला आहे, त्याचे कार्ड कुठे आहे असे विचारले तर? आईच्या मांडीत सळई घातली ती कोणत्या साली आणि कोणत्या दवाखान्यात, हे तरी किती जणांना धड सांगता येईल? जखम भरली, टाके निघाले, माणूस हिंडूफिरू लागला की आपण सारे विसरून जातो. दृष्टीआड सृष्टी म्हणतात ती हीच. हा विसर एखाद्या दिवशी फार महाग पडतो, म्हणून आज तुमच्याशी चार गोष्टी बोलायच्या आहेत.

तो दिवस म्हणजे डॉक्टर ‘एमआरआय काढून आणा’ म्हणतात तो. मेंदू, मणका आणि नसा यांचे बारीक दुखणे शोधायला एमआरआयसारखे दुसरे साधन क्वचितच आहे. त्यात क्ष-किरण नसतात. एक मोठा लोहचुंबक असतो आणि रेडिओच्या लहरी असतात. त्या दोहोंच्या जोरावर शरीरातल्या पाण्याकडून बारीक खुणा मिळवून यंत्र आतले चित्र तयार करते. ही युक्ती शोधून काढणाऱ्या पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड या दोघांना २००३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

लोहचुंबक म्हटला की आपल्यापुढे गिरणीतला चुंबक येतो. धान्यातून आलेला खिळा तो धरून ठेवतो, जात्याच्या दगडापर्यंत जाऊ देत नाही. एमआरआयचा चुंबक त्याच जातीचा, पण ताकद अफाट. सर्वसाधारण यंत्राची ताकद १.५ टेस्ला असते, म्हणजे होकायंत्राची सुई फिरवणाऱ्या पृथ्वीच्या चुंबकशक्तीच्या ३०,००० पटींहून अधिक. आणि मुख्य गोष्ट ही की, चित्र काढण्याचा खडखडाट थांबला तरी चुंबक थांबत नाही. तो रात्रंदिवस चालूच असतो. मोटारीचे बटण बंद करावे तसा तो बंद करता येत नाही.

जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या एका रुग्णालयात एक तरणाबांड माणूस नात्यातल्या रुग्णासाठी ऑक्सिजनचे नळकांडे घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला. यंत्र बंद आहे असे आम्हाला सांगितले होते, असे नातेवाइकांचे म्हणणे वर्तमानपत्रांत आले होते. चुंबकाने नळकांडे ओढले, त्यासोबत माणूसही ओढला गेला आणि त्याचा जीव गेला. अमेरिकेत २००१ साली एक सहा वर्षांचा मुलगा यंत्रात असताना असेच नळकांडे उडून आले आणि तो दगावला. म्हणून त्या दारापाशी जो अडवतो त्याच्यावर रागावू नका. तो आपला वैरी नव्हे, राखणदार आहे.

बाहेरचे लोखंड अडवता येते. अंगातल्या धातूचे काय? तिथे तीन धोके असतात. पहिला ओढीचा. धातू लोखंडी जातीचा असेल तर तो जागचा हलतो. दुसरा उष्णतेचा. पेसमेकरपासून हृदयापर्यंत हातभर तार गेलेली असते, आणि अशी तार रेडिओच्या एरियलसारखी लहरी पकडते. ताप निघतो तो तिच्या टोकाशी, म्हणजे नेमका काळजाच्या स्नायूत. तिसरा धोका गोंधळाचा. यंत्राच्या लहरींमुळे पेसमेकर भांबावतो आणि नको तेव्हा ठोका देतो किंवा हवा तेव्हा देत नाही.

हे धोके पुस्तकी नाहीत. १९८६ साली अमेरिकेत पत्र्याचे काम करणाऱ्या एका माणसाची हकीकत प्रसिद्ध झाली. त्याच्या डोळ्यात लोखंडाची बारीक कणी अडकलेली होती. एमआरआयमध्ये ती हलली आणि त्या डोळ्याची दृष्टी गेली. वेल्डिंग करणाऱ्यांनी, भात्यावर काम करणाऱ्यांनी, छिन्नी-हातोडा चालवणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. डोळ्यात कधी कणी गेली होती असे सांगितले, तर आधी डोळ्यांचा साधा एक्स-रे काढून खात्री करतात. १९९३ मध्ये आणखी एक हकीकत छापून आली. एका बाईच्या मेंदूतल्या फुगलेल्या रक्तवाहिनीला चिमटा लावलेला होता. चिमटा कोणत्या प्रकारचा, याची नोंद चुकीची निघाली. तो चुंबकाला ओढला जाणारा होता, आणि ती बाई वाचली नाही. कागदावरच्या नोंदीवर जीव तोललेला असतो, तो असा.

दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. पुढे कितीतरी वर्षे पेसमेकरवाला दिसला की एमआरआयचे दार बंद, असाच रिवाज पडला. सावधगिरी खरी, पण त्यात रुग्णाचेही नुकसान होत होते. आजार मेंदूत आणि बघायचे साधन दाराआड!

माझे चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, या दारापाशी अकरा दिवस अडकले. नऊ वर्षांपूर्वी त्यांना पेसमेकर बसवला होता. अलीकडे बांधावरून चालताना तोल जाई आणि डाव्या कानाने ऐकू येईनासे झाले. सीटी स्कॅनमध्ये काही सापडले नाही. एमआरआयच्या खोलीबाहेर मुलीने विचारले, “बाबा, अंगात काही धातू, यंत्र वगैरे?” तात्या म्हणाले, “लोखंड कशाला आसंल, बाई? छातीत ती एक डबी हाय तेवढी.” मुलीने हातातले पेन खाली ठेवले. पेसमेकर कोणत्या बनावटीचा, तारा कोणत्या, कार्ड कुठे? ज्या दवाखान्यात तो बसवला तो केव्हाच बंद झालेला. जुनी फाइल कुणाकडे गेली याचा पत्ता नाही. हृदयाच्या डॉक्टरांनी त्यांच्या यंत्रावर पेसमेकर तपासून त्याचा प्रकार सांगितला, पण तारा कोणत्या हे कागदाशिवाय ठरेना. आणि डबी व तारा दोन्ही चालणाऱ्या असल्याशिवाय आत घेता येत नाही.

अकरा दिवस घरात कुणाला गोड लागले नाही. तात्या रात्री उठून बसत आणि विचारत, “डोक्यात गाठ तर नसंल ना रे?” उत्तर कुणाकडेच नव्हते. शेवटी काकूंना कार्ड सापडले. देव्हाऱ्यामागे पोथीच्या रुमालात त्यांनीच ते जपून ठेवले होते. देवाजवळ ठेवले म्हणजे सांभाळले, इतका त्यांचा साधा हिशेब. पेसमेकर आणि तारा दोन्ही एमआरआयला चालणाऱ्या निघाल्या.

अशा यंत्रांची तीन प्रकारांत वाटणी २००५ सालापासून ठरलेली आहे, आणि अक्षरओळख नसली तरी खुणा ओळखता येतात. हिरवा चौकोन म्हणजे सुरक्षित. पिवळा त्रिकोण म्हणजे अटी पाळल्या तर सुरक्षित. आडवी रेघ मारलेले लाल वर्तुळ म्हणजे आत नेऊच नये. आजचे बरेच पेसमेकर पिवळ्या त्रिकोणातले आहेत. असा पहिला पेसमेकर अमेरिकेत २०११ साली मंजूर झाला. अटी कोणत्या? चुंबक अमुक ताकदीचा हवा, तारा त्याच जोडीच्या हव्यात, जुनी तुटकी तार अंगात राहिलेली नसावी, यंत्र बसवून बहुधा सहा आठवडे झालेले असावेत. तात्यांचा पेसमेकर आधी खास एमआरआयच्या पद्धतीवर लावला, आत असताना नाडी आणि ऑक्सिजन यांवर नजर ठेवली आणि बाहेर आल्यावर पुन्हा पहिल्यासारखा करून तपासला. हे सगळे झालेच पाहिजे.

मग जुन्या बनावटीच्या पेसमेकरवाल्यांनी काय करावे? त्यांच्यासाठीही संशोधकांनी कष्ट घेतले. २०१७ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एमआरआयसाठी न बनवलेले पेसमेकर असलेल्यांच्या १,००० आणि हृदयाला झटका देणारे यंत्र असलेल्यांच्या ५०० तपासण्या त्यात होत्या. छाती सोडून इतर भागांचा एमआरआय १.५ टेस्लाच्या यंत्रात, यंत्राची आधी-नंतर तपासणी करून काढला. तपासणीच्या वेळी एकही मृत्यू झाला नाही, एकही तार निकामी झाली नाही. एक झटका-यंत्र मात्र आधी नीट लावून घेतले नव्हते, ते बदलावे लागले. म्हणजे जुना पेसमेकर आहे म्हणून आशा सोडू नये. मोठ्या रुग्णालयात विचारावे. पण ‘काही होत नाही’ म्हणून कुणी घाईने आत घालू लागला, तर तेही मानू नये.

याहून नाजूक काम मेंदूतल्या तारांचे. हात कापण्याच्या पार्किन्सन या आजारात मेंदूत तारा बसवून बारीक विजेचे ठोके देतात. अशा एका रुग्णाच्या कमरेच्या मणक्याचा एमआरआय काढला असता मेंदूतल्या तारेच्या टोकाशी रक्तस्राव होऊन त्याला कायमची इजा झाली. ती हकीकत २००५ साली प्रसिद्ध झाली. कंबर कुठे आणि मेंदू कुठे! म्हणून कोणत्याही भागाचा एमआरआय असो, अंगातले सगळे सांगावे लागते. माघार न घेता संशोधकांनी काम पुढे नेले. माणसाच्या जागी जेलीसारख्या लगद्याने भरलेली पेटी ठेवून, तिच्यात तारा घालून, ताप किती चढतो ते ते मोजतात. टोरांटोतल्या मंडळींनी तर ६७ पार्किन्सन रुग्णांच्या मेंदूची चित्रे ठोके चालू ठेवून घेतली. विजेचे प्रमाण बरोबर बसले की मेंदूत ठरावीक ठिकाणी ठरावीक फरक दिसतो, असे त्यांना आढळले. नुसत्या चित्रावरून संगणकाने बरोबर प्रमाण कोणते हे १०० पैकी ८८ वेळा ओळखले. हा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. हे प्रमाण जुळवायला रुग्णांना महिनोन्‌महिने खेपा घालाव्या लागतात. त्या खेपा कमी होण्याची वाट यातून निघते.

तात्यांच्या चित्रात कानाच्या नसेवर हरभऱ्याएवढी गाठ निघाली. कर्करोगाची नव्हे. सावकाश वाढणारी आहे, त्यामुळे तूर्त नुसते लक्ष ठेवायचे आणि वर्षाला एमआरआय काढायचा असे ठरले. म्हणजे ते कार्ड आता दरवर्षी लागणार. काकूंनी ते पोथीतून काढून तात्यांच्या बंडीच्या आतल्या खिशात शिवलेल्या पिशवीत ठेवले आहे.

आता तुमच्याकडे वळतो. या आठवड्यात रात्रीची जेवणे झाली की घरातल्या प्रत्येकाला विचारा. पेसमेकर, हृदयातली स्टेंट, हाडातली पट्टी किंवा सळई, बहिऱ्या लेकराच्या कानामागे बसवलेले यंत्र, मेंदूतला चिमटा, तांबी, अंगात राहिलेला छर्रा, डोळ्यात गेलेली कणी, यांतले काय काय आहे? स्टेंट, हाडातल्या पट्ट्या आणि तांबी यांची बहुधा अडचण येत नाही. कानातल्या यंत्रात मात्र स्वतःचाच चुंबक असतो, तो जागचा सरकू शकतो. काहीही असो, सांगायचे. परत पाठवतील या भीतीने लपवायचे नाही. सोने-चांदी चुंबकाला चिकटत नाही, पण तापते आणि चित्र बिघडवते. म्हणून मंगळसूत्र, जोडवी, ताईत, पिना आणि आकडे सगळे उतरवायचे. सौभाग्याचे लेणे काढताना जीव धजत नाही, हे खरे. पण धन्याने ते घटकाभर आपल्या मुठीत धरले म्हणून त्याचे पावित्र्य कमी होत नाही.

एका वहीच्या पानावर नाव, यंत्र, साल, दवाखाना आणि कार्डावरचे नंबर उतरवा. पान घरात ठेवा, कार्ड त्या माणसाच्या खिशात. कारण कार्ड विचारतील तेव्हा तो माणूस शुद्धीवर असेलच असे नाही.