जुने नमुने फाडून टाक

श्रीगोंदा

चि. ताई,


तुझी आई काल फोनवर सांगत होती, साहेबांनी नव्या कायद्यांप्रमाणे ठाण्याचं कामकाज बसवून घ्यायचं काम तुझ्याकडे दिलंय. ती खूश आहे. लेक बंदोबस्तातून सुटली, टेबलावर बसली. मी मात्र मुद्दाम पत्र लिहायला घेतलं, कारण हे टेबलाचं काम कच्चं राहिलं की त्याचे भोग आम्हा वकिलांना कोर्टात दिसतात. आणि तिथे दिसेपर्यंत कुणीतरी विनाकारण आत बसून आलेला असतो, नाहीतर आत बसायला हवा तो सुटून गेलेला असतो.

१ जुलै २०२४ ला तीन नवे फौजदारी कायदे आले तेव्हा ठाण्याठाण्यांत भिंतीवर तक्ते लागले. ३०२ चं १०३, ४२० चं ३१८(४), ३७९ चं ३०३(२). आपल्या तालुक्यात भीमा आणि घोडच्या पात्रातली वाळू रातोरात उचलली जाते. त्या फिर्यादींत वर्षानुवर्षं ३७९ लिहिलेले हात ३०३(२) लिहायला लवकरच सरावले. आकड्यांचं हे असंच असतं. मात्र तक्त्यातला जुना रकाना पुसू नकोस. गुन्हा ३० जून २०२४ पर्यंत घडलेला असेल, तर तो आज दाखल झाला तरी कलम जुन्या दंड संहितेचंच लागतं. गुन्हा नोंदवण्याची आणि तपासाची रीत तेवढी नव्या नागरिक सुरक्षा संहितेची. दोन्ही रकाने अजून कैक वर्षं लागणार आहेत.

खरी गफलत होते ती रितीत. एक साधं उदाहरण घे. साक्षीदाराला जबाबासाठी ठाण्यात बोलवायचं. बायकांना, पंधराच्या आतल्या मुलांना, अपंगांना तशी सक्ती करता येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. म्हाताऱ्या पुरुषांसाठी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६० मध्ये वयाची अट पासष्टची होती. नव्या कलम १७९ मध्ये ती साठ झाली, आणि गंभीर आजारी माणूसही त्यात आला. म्हणजे बासष्ट वर्षांच्या शेतकऱ्याला ‘उद्या सकाळी ठाण्यात हजर राहा’ अशी समज देणारा हवालदार जुन्या कायद्याने बरोबर होता आणि आज चुकतोय. त्याला कुणी सांगितलंच नाही. त्याच्या ड्रॉवरमधल्या छापील समजपत्रावर अजून पासष्टच आहे.

माझं सगळं म्हणणं त्या ड्रॉवरपाशी येऊन थांबतं. कायदा राजपत्रात एका दिवसात बदलतो, पण ठाणं चालतं नमुन्यांवर. वकिलीत कितीतरी ठाण्यांचे कागद माझ्या हातांखालून गेलेत. रायटरच्या संगणकात एक वर्ड फाईल असते. मागच्या गुन्ह्यातली ती उघडायची, नाव-गाव बदलायचं, कलम बदलायचं आणि प्रिंट काढायची. मधला मजकूर तीन साहेबांच्या बदल्या झाल्या तरी तोच राहतो. ज्याने ती फाईल पहिल्यांदा टाईप केली त्याचा कायदा त्या ठाण्यात चालू असतो, मग संसदेने काहीही करो!

त्याची मोठी शोकांतिका तुला माहीत असेलच. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला दोन तरुण मुलींना फेसबुकवरच्या मजकुरासाठी अटक झाली. त्या प्रकरणानंतर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघल खटल्यात ते घटनाबाह्य ठरून रद्द झालं. विषय संपायला हवा होता. पण २०२१ साली न्यायालयापुढे आलं की देशभरात त्याच मेलेल्या कलमाखाली गुन्हे दाखल होताहेत. निकालानंतर दाखल झालेल्या अशा गुन्ह्यांच्या यादीत आपला महाराष्ट्रच पुढे होता. न्यायमूर्तींनी कपाळाला हात लावला. तेव्हा ॲटर्नी जनरलनी जे सांगितलं ते तू लक्षात ठेव: कायद्याच्या पुस्तकात कलम जसंच्या तसं छापलेलं असतं, ते रद्द झाल्याचं खाली तळटिपेत असतं, आणि ठाण्यातला अंमलदार कलम बघतो, तळटीप बघत नाही. पुढे ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं की या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नका. सात वर्षं गेली होती.

काष्टीच्या जनावरांच्या बाजाराच्या वाटेवर हाच प्रश्न दुसऱ्या रूपात भेटतो. २०१५ ला प्राणी संरक्षण कायद्याच्या कत्तलबंदीत बैल आणि वळू आले, हे सगळ्यांना तोंडपाठ. पण राज्याबाहेर कापलेल्या जनावराचं मांस नुसतं जवळ बाळगणं गुन्हा ठरवणारं कलम ५-ड मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०१६ ला रद्द केलं, हे किती जणांना माहीत आहे? कडक झालेला कायदा ठाण्यात धावत येतो, सैल झालेला चालतसुद्धा येत नाही. याला कुणाचा दुष्टपणा कारण नसतो. बंदोबस्तातून परतलेला माणूस रात्री निकालपत्रं वाचत बसणार नाही, एवढंच. एसपी ऑफिसचं परिपत्रक व्हॉट्सॲपवर पीडीएफ होऊन येतं आणि सुप्रभातच्या फुलांखाली गाडलं जातं.

आता तुझ्या टेबलावरचा सगळ्यात तातडीचा कागद. ६ नोव्हेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने मिहिर राजेश शहा विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निकाल दिला. वरळीच्या अपघाताचं प्रकरण. त्यात सांगितलं की गुन्हा कुठलाही असो, अटकेची कारणं लेखी द्यायची, आणि अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत द्यायची. लगेच लेखी देता येत नसतील तर आधी तोंडी सांगायची, पण मॅजिस्ट्रेटपुढे रिमांडला उभं करण्याच्या निदान दोन तास आधी कागद त्याच्या हातात पडला पाहिजे. नाहीतर अटक बेकायदा.

वाचायला सोपं आहे. पण आपल्याकडचा गळीत हंगाम डोळ्यांपुढे आण. बीडकडून आलेल्या टोळ्या, वीटभट्टीवर परप्रांतातले मजूर, पालावरचे पारधी, ज्यांच्या घरात मराठी बोलली जात नाही. रात्री दीड वाजता हाणामारीत एकाला उचललं. कारणं कोण लिहिणार, कुठल्या भाषेत, आणि त्याला वाचता येत नसेल तर वाचून कोण दाखवणार? जुन्या फाईलमधलं ‘सदर आरोपीस अटकेची कारणे समजावून सांगितली’ हे एक वाक्य आता पुरणार नाही. ते वाक्य मी इतक्या कागदांवर वाचलंय की मला त्याचा टाईपसुद्धा ओळखू येतो. दुभाष्यांची नावं आणि नंबर आधीच जमवून ठेव. पारधी वस्तीतला एखादा शिकलेला मुलगा नक्की सापडेल.

पारध्यांचं निघालंच आहे तर जरा सविस्तर लिहितो. फासेपारध्यांसारख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा कायदा इंग्रजांनी १८७१ ला आणला. देशाने तो ३१ ऑगस्ट १९५२ ला मोडीत काढला. पण तो हिस्ट्रीशीटमधून गेला का? कुठेही चोरी झाली की आधी पालावर जायचं, ही रीत कुठल्याच पुस्तकात नाही आणि तिच्यासाठी नमुनाही लागत नाही. ७ मे २०२४ ला अमानतुल्ला खान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या निमित्ताने सगळ्या राज्यांना बजावलं की मागास आणि गरीब वस्त्यांतल्या माणसांची नावं यांत्रिकपणे हिस्ट्रीशीटमध्ये चढवू नका, तो कागद ठाण्याबाहेर जाऊ देऊ नका. ३ ऑक्टोबर २०२४ ला सुकन्या शांता निकालात तुरुंगाच्या नियमपुस्तिकांमधली जातवार कामाची वाटणी गेली. आपल्या विसापूरच्या कारागृहापासून देशातल्या प्रत्येक तुरुंगाला तो लागू आहे. त्याच निकालात पोलिसांनाही आदेश आहे की विमुक्त जमातींच्या माणसांना मनमानी अटक करू नका. तुझ्या ठाण्यातलं हिस्ट्रीशीटचं कपाट एकदा उघड. प्रत्येक नावापुढे शेवटचा गुन्हा कधीचा आणि त्याचा निकाल काय लागला, एवढं तपासून साहेबांपुढे ठेव. नाव काढणं त्यांच्या हातात आहे, पण विचारणं तुझ्या हातात आहे.

अमेरिकेत पोलिसांचे नियम ताजे ठेवण्याचं काम खासगी कंपन्या करतात. लेक्सिपोल नावाची कंपनी २००३ पासून तिथल्या हजारो खात्यांना धोरण-पुस्तिका पुरवते, वर्गणी भरली की कायदा बदलेल तसं पान बदलून मिळतं. सोय आहे, पण पोलिसांनी कसं वागावं हे दुकानातून विकत आणायचं, हे मला पटत नाही. तिथेही त्यावर टीका होतेच. आपल्याकडे १९५९ चं पोलीस मॅन्युअल आणि त्यावर चढलेली परिपत्रकांची थप्पी आहे. माझं मत विचारशील तर नमुन्यांचा संच जिल्ह्याला एकच हवा, तारखेसह, आणि नवा आला की जुना संगणकातून पुसलाच पाहिजे. ते होईल तेव्हा होईल. तू तुझ्या ठाण्यापुरतं करू शकतेस.

एक वही घाल. बदल कधी झाला, कुठल्या कायद्याने किंवा निकालाने, आणि त्यामुळे ठाण्यातला नेमका कुठला कागद बाद झाला, एवढंच लिही. तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा. बाकीच्या माहितीची परिपत्रकं ढिगाने पडलेली असतात. सकाळच्या हजेरीला एकच बदल वाचून दाखव, दोन नको. झडतीचं चित्रीकरण लगेच मॅजिस्ट्रेटकडे पाठवायचं (नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १०५), फिर्यादीला नव्वद दिवसांत तपासाची प्रगती कळवायची (कलम १९३), कलम ३५ ची नोटीस व्हॉट्सॲपवर चालत नाही (सर्वोच्च न्यायालय, २१ जानेवारी २०२५), मोबाईलमधला पुरावा द्यायचा तर जुनं ६५-बी नव्हे, नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं दोन भागांचं प्रमाणपत्र. रोज एक. रायटरला आधी आपलासा कर, कारण फाईल त्याच्या हातात आहे. तो अनुभवी असेल तर तुझ्याहून चांगल्या शंका काढेल.

पंधरा दिवसांत कोर्टाच्या सुट्ट्या लागतील, तेव्हा मला वेळ आहे. तुझ्या ठाण्यातले अटक, नोटीस, समज आणि जप्ती पंचनाम्याचे कोरे नमुने पाठव. आरोपीचं किंवा फिर्यादीचं नाव असलेला एकही कागद नको. लाल पेनाने तपासून परत पाठवतो.

तुझा,
मामा