बाघ नदीपलीकडचे बिऱ्हाड

गोंदियाहून बालाघाटकडे निघाले की रावणवाडी मागे पडते आणि बाघ नदीचा पूल लागतो. पलीकडे रजेगाव. दोन्ही बाजूंना धानाच्याच बांध्या, कानावर पडणारी पोवारी आणि मराठीही तीच, आणि सोयरे तर निम्मे इकडे, निम्मे तिकडे. फरक दिसतो तो पाट्यांवरच्या भाषेत आणि गाड्यांच्या नंबरांत. इकडे एमएच-३५, तिकडे एमपी-५०.

निवृत्तीनंतर भाऊजींनी बालाघाटच्या वडिलोपार्जित घरी राहायचे ठरवले, तेव्हा ताईचे गोंदियाचे बिऱ्हाड हलवायला मी सोबत होतो. अंतर जेमतेम चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर; पण राज्य बदलणार! शेजाऱ्यांनी पुरते घाबरवून सोडले होते. "नाक्यावर सामान उतरवतील, टॅक्स मागतील." ही भीती जुन्या दिवसांची. मध्य प्रदेशात १९७६ मध्ये जकातीच्या जागी प्रवेश कर आला आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर तोही गेला. वापरलेले घरसामान हा काही विक्रीचा माल नव्हे. त्याला ई-वे बिलातूनही सूट आहे. टेम्पोवाल्याची बिल्टी आणि ताईने वहीच्या पानावर लिहिलेली यादी, एवढेच कागद आमच्याजवळ होते. मध्य प्रदेशाने सीमेवरचे परिवहन नाकेही १ जुलै २०२४ पासून बंद केले. लोखंडी पलंग, शिलाई मशीन, पाटा-वरवंटा आणि ताईच्या मांडीवरची तुळशीची कुंडी, सारे काही विनासायास पुलापार झाले.

अडले ते मागून येणाऱ्या मोटारीपाशी.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या ४७ व्या कलमाप्रमाणे गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक राहिली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी आधी जुन्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र हवे. कर्ज असेल तर बँकेची संमती, थकलेले चालान असेल तर ते आधी भरायचे. प्रमाणपत्र हाती आले की नव्या आरटीओत अर्ज, आणि नव्या राज्याचा कर. भाऊजींनी गाडी घेताना महाराष्ट्राचा एकरकमी कर भरलेला होता. आता गाडीचे वय धरून मध्य प्रदेशालाही द्यायचा. जुन्या कराचा उरलेल्या वर्षांपुरता परतावा मिळतो, पण तो मागावा लागतो, आपण होऊन कोणी देत नाही. पेन्शनीतून आधी भरायचे आणि मग वाट पाहायची, हे म्हाताऱ्या माणसाला जड जाते. २०२१ मध्ये आलेली 'बीएच' मालिका बदलीच्या नोकरीतल्यांसाठी आहे. निवृत्त शिक्षकाला तिचा काय उपयोग?

गंमत म्हणजे परदेशातून कायमचे परतणाऱ्यालाही असाच अनुभव येतो. वापरलेल्या घरसामानाला कस्टममध्ये सवलत मिळते, मोटारीला त्या सवलतीत जागा नाही. आखाती देशातून आलेला माणूस आणि गोंदियाहून आलेला माणूस, दोघांचीही गाठ शेवटी गाडीपाशीच!

भाऊजींना सल होता तो पैशांपेक्षा वेगळा. बालाघाट जिल्हा बनला तोच मुळी भंडारा, मंडला आणि शिवनीचे भाग काढून. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी भंडारा आणि बालाघाट एकाच मध्य प्रदेशात होते आणि राजधानी नागपूर होती. भाऊजींचे वडील नागपूरला शिकायला गेले, ते आपल्याच राजधानीत. पुनर्रचनेत भंडारा मुंबई राज्यात गेला, बालाघाट इकडे राहिला, आणि १९९९ मध्ये भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. "मी कुठेच गेलो नाही, रेषाच माझ्या अंगणातून गेली," भाऊजी म्हणाले. भरवेलीच्या मँगनीज खाणीत आजही हुकूम नागपूरहून येतात, कारण मॉईलचे मुख्य कार्यालय तिथेच आहे. खनिजाला परके वाटत नाही, तेवढे गाडीला वाटते.

बालाघाटच्या कार्यालयात अर्ज हिंदीत. भाऊजींनी 'स्थायी पता' या रकान्यात वडिलांचे घर लिहिले आणि पावती घेऊन बाहेर आले. नवी पाटी लागायला थोडे दिवस गेले.

परताव्याचा अर्ज मात्र गोंदियालाच करायचा असतो. भाऊजी एमपी-५० ची गाडी घेऊन पुन्हा पूल ओलांडून गेले. ताईने जुन्या शेजारणीसाठी सोबत डबा दिला होता.