दुरुस्ती आधीच पेटीत असावी

संगणकावर विंडोज नव्याने टाकली म्हणजे काम संपले, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु मूळ प्रत तयार झाल्यानंतर निघालेल्या दुरुस्त्या, म्हणजे अपडेट, तिच्यात नसतात. त्या मिळेपर्यंत संगणक दार उघडे असलेल्या घरासारखा असतो.

ही भीती पोकळ नाही. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने एक दुरुस्ती दिली. १२ मे २०१७ रोजी त्याच उणिवेतून 'वॉनाक्राय' जगभर पसरला आणि इंग्लंडमधील अनेक इस्पितळांचे काम खोळंबले. औषध निघाले होते. ते सर्वांपर्यंत पोहोचले नव्हते.

वाचकहो, आम्ही वस्तीतील अभ्यासिकेचे आठ संगणक सांभाळतो. इंटरनेट मोबाईलवरचे. एकच अपडेट आठ वेळा उतरवली, तर डेटा संपतो आणि परीक्षेचे अर्ज भरायला आलेली मुले ताटकळतात. म्हणून आम्ही ती मूळ प्रतीतच मिसळून ठेवतो.

रीत अशी. विंडोजच्या आयएसओमधील सर्व फाइली हार्ड डिस्कवर घ्याव्यात. मूळ आयएसओ तशीच जपावी. 'सोर्सेस' फोल्डरात 'इन्स्टॉल.विम' नावाची फाइल असते. विंडोजसोबत येणाऱ्या 'डिस्म' या साधनाने ती रिकाम्या फोल्डरात उघडावी, मायक्रोसॉफ्टच्या कॅटलॉगमधून एकदाच उतरवलेली, त्याच आवृत्तीची अपडेट जोडावी आणि बदल कायम करून बंद करावी. होम, प्रो असे प्रकार एकाच फाइलीत असतात. लागेल त्या प्रत्येकासाठी हे करावे. मग पेनड्राइव्ह बनवून आधी एकाच संगणकावर तपासावा.

या आज्ञा दर वेळी हाताने टाइप करण्याची गरज नाही. आम्ही त्या क्रमाने एका फाइलीत लिहिल्या आहेत, हीच स्क्रिप्ट. कोठे अडले तर बदल न ठेवता थांबावे, ही सूचनाही तिच्यात आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी नव्या दुरुस्त्या निघतात. नवी फाइल फोल्डरात ठेवली की तीच स्क्रिप्ट पुन्हा चालते.

कारकुनीत आम्ही एक गोष्ट नेहमी पाहतो. जी पद्धत एकाच माणसाला ठाऊक, ती तो रजेवर गेला की बंद पडते. म्हणून प्रत्येक आज्ञेचा अर्थ आम्ही शेजारी मराठीत लिहिला. आता अकरावीची एक विद्यार्थिनी स्क्रिप्ट चालवते. शेवटची दुरुस्ती कोणत्या तारखेची, याची नोंद ठेवणारी ओळ तिने स्वतःच जोडली. आम्हाला ती सुचली नव्हती.