लाल गाडी, पेट्रोलचा हिशेब आणि विसावा हिस्सा

गाडी विकायची की ठेवायची, एवढाच प्रश्न होता. पण त्यावरून आमच्या घरात तीन रविवार वाद झाला, एकदा तर जेवणाची ताटं तशीच राहिली. घरचं भांडण इथे मांडायचं कारण एवढंच की हा वाद आपल्या प्रत्येक वस्तीत चालू आहे. कुठे गाडीच्या जागी बुलेट आहे, कुठे हप्त्यावरचा महागडा फोन, कुठे लग्नातला डीजे.

आम्ही म्हणजे विंचूरचे दोघे भाऊ. एक साताऱ्या-बिताऱ्याला नाही, इथेच शिकवण्या घेतो. दुसरा नाशिकला औद्योगिक वसाहतीत कामाला. वडील रेल्वेत गँगमन होते. लासलगाव स्टेशनपर्यंत सायकलने जायचे, रात्रपाळीला पण सायकलच. त्या घरात २०१९ साली एक लाल रंगाची सेकंडहँड हॅचबॅक आली. १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १०५ हॉर्सपॉवरच्या आसपास ताकद, सोळा इंची अलॉय. कंपनीचं नाव सांगत नाही, फुकट जाहिरात कशाला? निफाड सोडल्यावर मोकळा रस्ता लागला आणि पाय दाबला की पाठ सीटला चिकटते, अशी गाडी. ज्यांना गाडीतलं कळतं त्यांना एवढ्यावर समजेल.

पहिल्याच आठवड्यात तीनपाटीवर चहाला थांबलो तर ओळखीच्या एका बागायतदाराच्या पोराने विचारलं, "कुणाची गाडी चालवायला आणली रे?" त्याच्या डोक्यात आम्ही ड्रायव्हर. तो वाईट बोलला असंही नाही, हसून बोलला. पण आमची गाडी आमची असू शकते, ही शक्यताच त्याच्या मनात आली नव्हती. त्या दिवशी आम्ही मागच्या काचेवर निळ्या अक्षरात 'जय भीम' लावून आणलं. तेव्हापासून कुणाची गाडी म्हणून कुणी विचारलं नाही.

म्हणून काटकसरीचं व्याख्यान कुणी द्यायला लागलं की आमचं डोकं फिरतं. आपल्याला काटकसर शिकवणारे कोण असतात, जरा बघा. ज्यांच्या आजोबाकडे जीप होती ते. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात शूद्राने ऐपत असली तरी धनसंचय करू नये असं लिहून ठेवलंय, आणि त्याच अध्यायात चांडाळाची संपत्ती काय, तर कुत्री आणि गाढवं; कपडे मेलेल्याचे, दागिने लोखंडाचे. म्हणजे आपण काय वापरायचं याचं नियमपुस्तक त्यांनी दोन हजार वर्षं सांभाळलं. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ ला महाडला ते जाळलं. ते पुस्तक जळलं, पण नियम लोकांच्या डोळ्यांत राहिले. मार्च २०१८ मध्ये गुजरातच्या भावनगर जिल्ह्यात एका दलित तरुणाला मारलं, घरच्यांनी सांगितलं की तो घोडी पाळायचा आणि त्यावर बसायचा, हे गावातल्या काहींना खुपत होतं. मे २०१५ मध्ये आपल्याच शेजारच्या जिल्ह्यात, शिर्डीत, मोबाईलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली म्हणून एका पोराचा जीव गेला. घोडी, रिंगटोन, मिशी, गॉगल. अशा देशात लाल गाडी ही नुसती गाडी नसते, हे आम्हाला कुणी सांगायला नको.

पहिल्या रविवारी आम्ही हेच सगळं बोललो आणि गाडी ठेवायची असं ठरवून झोपलो.

दुसऱ्या रविवारी वहिनींनी वही काढली. त्या बचतगटाचा हिशेब लिहितात, त्यामुळे त्यांच्यापुढे भाषण चालत नाही. महिन्याला गाडी साधारण १,५०० किलोमीटर फिरते. नाशिक इथून पंचावन्न-छप्पन किलोमीटर, त्याच्या फेऱ्या, येवला, मनमाड, मीटिंगा, दवाखाने. ॲव्हरेज बारा. म्हणजे १२५ लिटर. लिटरला १०४ रुपये धरले तर १३,००० रुपये. दोघांची मिळून कमाई ६२,०००. पाचव्या हिश्श्याहून जास्त रक्कम टाकीत ओतली जात होती आणि आम्ही त्याला स्वाभिमान म्हणत होतो.

मग त्यांनी पुढचं पान उलटलं. सीएनजीची साधी गाडी किलोला पंचवीस किलोमीटर तरी देते. (कंपन्या तीस-चौतीस सांगतात, ते कागदावर.) १,५०० किलोमीटरला ६० किलो, भाव ९५ धरला तरी ५,७००. महिन्याला ७,३०० चा फरक. वर्षाचे ८७,६००.

इथे तरुण मित्रांनी एक गोष्ट नीट ऐकावी, कारण आम्हीही इथेच फसणार होतो. आकडा पाहिल्यावर आम्ही लगेच शोरूमला जायची भाषा सुरू केली. नवी सीएनजी गाडी ऑनरोड साडेसात लाखांच्या पुढे. आमच्या लाल गाडीचे साडेचार येतील. वरचे तीन लाख कर्ज. साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता होतो ६,३०० रुपये. म्हणजे महिन्याला ७,३०० वाचवायचे आणि ६,३०० बँकेला द्यायचे! हातात हजार. पाच वर्षांत नुसतं व्याज अठ्ठ्याहत्तर हजारांच्या घरात. पेट्रोल पंपाऐवजी बँकेचं घर भरायचं, यात काटकसर कुठे आली? नवी गाडी घेऊन पैसे वाचवतोय असं जो सांगतो, त्याने आधी हप्त्याचा कागद दाखवावा. हिशेब बसत होता तो फक्त जुन्या सीएनजी गाडीत. पाच लाख वीस हजारांना एक मिळत होती, वरचे साठ-सत्तर हजार बचतीतून घातले असते तर नऊ-दहा महिन्यांत फिटले असते.

धाकट्याने तरी मान हलवली नाही. त्याचा मुद्दा असा: "दादा, रात्री दोनला फोन आला तर?" हा मुद्दा खोटा नव्हता. दोन वर्षांपूर्वी तालुक्यातल्या एका वस्तीत मारहाण झाली, पोलीस तक्रार घेईनात, तेव्हा याच गाडीने आम्ही अर्ध्या तासात पोहोचलो होतो. अॅट्रॉसिटीचं कलम लागेपर्यंत पहाट झाली. चुलत बहिणीला बाळंतपणात नाशिकला नेलं तेही हिनेच. गाडीने समाजाचं काम केलंय. पण वहिनींनी एकच विचारलं, "त्या रात्री तुम्ही पोहोचलात ते टर्बोमुळे, की दारात गाडी होती म्हणून?" रस्त्यावर खड्डे एवढे की साठच्या वर काटा गेलाच नव्हता. आम्ही गप्प.

त्या आठवड्यात आम्ही 'वेटिंग फॉर अ व्हिसा' परत वाचलं. आपल्यापैकी बहुतेकांनी वाचलंय, पण गाडीच्या नजरेने वाचून बघा. पहिला प्रसंग १९०१ चा. लहानगे बाबासाहेब, भाऊ आणि भाचे साताऱ्याहून कोरेगावला वडिलांना भेटायला निघाले. नवे कपडे, जरीच्या टोप्या, रेशमी काठाची धोतरं. मसूर स्टेशनवर उतरले तेव्हा पोशाखावरून स्टेशन मास्तरला ती ब्राह्मणांची मुलं वाटली. जात सांगितली आणि त्याचा चेहराच बदलला. बैलगाडीवाले दुप्पट भाडं द्यायची तयारी असूनही नेईनात. शेवटी ठरलं काय, तर भाडं दुप्पट द्यायचं आणि गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान बाजूने चालणार. कपडे भारी होते, पैसे रोख होते. उपयोग झाला नाही.

दुसरा प्रसंग चाळीसगावचा, ऑक्टोबर १९२९ चा. लासलगावहून रेल्वेने मनमाड, नांदगाव ओलांडलं की चाळीसगाव, म्हणजे आपल्याच अंगणातली गोष्ट. बाबासाहेब तेव्हा बॅरिस्टर, सरकारच्या समितीचे सदस्य. धुळ्याकडून परतताना लोकांच्या आग्रहाखातर ते चाळीसगावला मुक्कामाला थांबले. स्टेशनवरून महारवाड्यात न्यायला एकही टांगेवाला तयार होईना. मग तोड अशी निघाली की टांगा भाड्याने मिळेल, पण हाकायला माणूस तुमचा. आपल्यातल्या एकाने लगाम धरला. त्याने जन्मात टांगा हाकला नव्हता. नदीवरच्या पुलावर चाक अडकलं, बाबासाहेब दगडी फरसबंदीवर फेकले गेले, पाय मोडला. घोडा आणि टांगा खाली नदीत.

यातून आपण नेहमी एक गोष्ट उचलतो: साधा टांगेवालाही बॅरिस्टरपेक्षा स्वतःला वरचा समजत होता. ती खरीच आहे. पण बाबासाहेबांनी तिथे दुसरीही गोष्ट लिहिली आहे, ती आपण सोडून देतो. पाहुण्याने पायी चालत वस्तीत यावं हे चाळीसगावच्या आपल्या लोकांना कमीपणाचं वाटलं. आपली शान राखायला जाऊन त्यांनी पाहुण्याचा जीव धोक्यात घातला, असं त्यांनी नोंदवलंय. रागाने नाही, पण नोंदवलंय. हे वाचल्यावर आम्हाला आमची लाल गाडी आठवली. अपमान करणारा टांगेवाला आणि शान सांभाळायला निघालेले आपण, अपघात दोघांच्या मधल्या जागेत झाला.

आमच्या नाशिकला तर वाहनाचा आणखी एक धडा आहे. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला. पुढे रामनवमीला रथ दोघांनी मिळून ओढायचा असा समझोता झाला आणि ऐनवेळी सवर्णांनी रथ पळवला, दगडफेक झाली. सत्याग्रह पाच वर्षं चालला. दादासाहेब गायकवाडांनी आणि हजारो माणसांनी त्यात घाम आणि रक्त ओतलं. आणि मग १३ ऑक्टोबर १९३५ ला, आमच्या विंचूरपासून पंचवीस-तीस किलोमीटरवर येवल्यात, बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही हे जाहीर केलं. त्यांच्या रथाची दोरी मागणं बंद झालं. रथ हातात नाही म्हणून रडायचं की रथाचाच नाद सोडायचा, हे तिथे ठरलं. गाडीच्या व्यवहाराला एवढा मोठा दाखला कशाला, असं कुणी म्हणेल. म्हणू द्या. आम्ही दरवर्षी त्याच गाडीने मुक्तिभूमीवर जातो, आम्हाला तो दाखला आठवणारच.

उलट बाजूही सांगतो. बाबासाहेब फाटके राहिले नाहीत. सूट घातले, दादरला राजगृह बांधलं. पण ते घर पुस्तकं मावतील असं बांधलं. खर्च करू नका असं त्यांनी कधी सांगितलं नाही. धर्मांतरानंतर नागपुरात त्यांनी कमाईचा विसावा हिस्सा धम्मकार्याला द्या असं सांगितलं. आमच्या ६२,००० चा विसावा हिस्सा ३,१०० रुपये. भाषणात हे आम्ही किमान पन्नास वेळा सांगितलं असेल. दिलेत किती? जयंतीची वर्गणी, विहाराच्या पत्र्यांना एकदा पाच हजार, एका मुलीची फी. सलग बारा महिने कधीच नाही. कारण विचारलं तर परवडत नाही. आणि टाकीत तेरा हजार. वहिनींनी हे बोलून दाखवलं नाही. वहीत दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले आणि वही उघडीच ठेवली.

तिसऱ्या रविवारी आईने निकाल दिला. तिचं म्हणणं, "लाल असू द्या की पांढरी, मला पुढच्या सीटवर बसवा म्हणजे झालं. तुमचे वडील सायकलवर होते तेव्हा त्यांना कोण कमी म्हणलं?" खरं म्हणजे खूप जण म्हणाले होते, पण आईशी कोण वाद घालणार.

विकताना एक गोष्ट घडली ती सांगायलाच हवी. गाड्यांचा व्यवहार करणारा एक एजंट गाडी बघून गेला आणि जाताना म्हणाला, "मागचं ते स्टिकर काढून टाका, दहा-पंधरा हजार जास्त येतील. गिऱ्हाईक बिचकतं." इतकं सहज, जसं सीट कव्हर धुऊन घ्या म्हणावं. तीन आठवडे आम्ही पै-पैचा हिशेब करत होतो, वर्षाचे सत्त्याऐंशी हजार वाचवायला निघालो होतो. धाकटा, जो गाडी विकायलाच तयार नव्हता, तो म्हणाला, "स्टिकर राहील. भाव तुमचा तुमच्याकडे." शेवटी मनमाडच्या बाजूच्या एका पोराने साडेचार लाखांना घेतली. त्याने मागची काच बघितली, आमच्याकडे बघितलं आणि जय भीम घातला. एजंटच्या आकड्यापेक्षा बारा हजार कमी आले. घरात त्यावर एकानेही वाद घातला नाही, वहिनींनीसुद्धा.

आता दारात पांढरी सीएनजी आहे. डिकीत सिलिंडर असल्यामुळे जयंतीचे स्पीकर आणि पुस्तकांची खोकी मांडीवर घेऊन बसावं लागतं. दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रोटेस्ट करायची, ती तारीख वहिनींनी कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवली. चढाला एसी बंद करावा लागतो. परवा पंपावर चाळीस मिनिटं रांगेत होतो, धाकटा तेवढा वेळ एक शब्द बोलला नाही. दर महिन्याच्या पाच तारखेला ३,१०० रुपये वस्तीतल्या अभ्यासिकेच्या खात्यात आपोआप जातील असं बँकेत लिहून दिलंय. या महिन्याचे गेले. अभ्यासिकेला सध्या छत आहे, पंखे नाहीत, आणि स्पर्धा परीक्षेची पुस्तकं चार वर्षं जुनी आहेत. नवं 'जय भीम' मागच्या काचेवर लावायचं राहिलंय. या रविवारी येवल्याला जाऊ तेव्हा घेऊ.