बॉन्ड साईन, वय वर्षं दहा

व्हिटबीला लोक मुख्यतः ड्रॅक्युलासाठी जातात. ब्रॅम स्टोकर १८९० मधे इथे सुट्टीला आला होता आणि सात वर्षांनी आलेल्या कादंबरीत त्याने आपल्या हिरोला (बरं, व्हिलनला) याच बंदरात उतरवलं. बाकीचे येतात फिश अँड चिप्स खायला आणि मग ते जिरवायला १९९ पायऱ्या चढून वरच्या पडक्या अ‍ॅबीपर्यंत जायला. दोन्ही मस्ट. यॉर्कहून बस धरा. वाटेत मूर्सवरची ती जांभळट, उजाड माळरानं लागतात, तेव्हा झोपू नका एवढंच सांगते.

मी मात्र अर्धा दिवस घालवला तो ग्रेप लेनमधल्या एका माळ्यावर.

हे घर जॉन वॉकर या जहाजमालकाचं. आता तिथे कॅप्टन कुक मेमोरियल म्युझियम आहे. १७४६ मधे जेम्स कुक नावाचा शेतमजुराचा मुलगा वॉकरकडे उमेदवारीला लागला. वॉकरची उमेदवार पोरं या माळ्यावर झोपायची, असं म्युझियम सांगतं. वर गेलं की जहाजाच्या पोटात शिरल्यासारखं वाटतं. जाड तुळया, उतरतं छप्पर, खाली बंदराचं पाणी. हिवाळ्यात जहाजं बंदरात उभी असायची, तेव्हा कुक रात्री इथे नेव्हिगेशनचा अभ्यास करायचा आणि मेरी प्राऊड नावाची हाऊसकीपर त्याला गुपचूप टेबल आणि मेणबत्त्या द्यायची, अशी गोष्ट आहे. पुढे त्याने काय काय केलं ते शाळेत शिकलोय आपण. त्याचं ‘एन्डेव्हर’ हे जहाजही इथलंच, मुळात कोळसा वाहायला बांधलेलं.

सक्सेस स्टोरी एकदम फिट. पण मला सारखी आठवत होती ती त्या काळातल्या दुसऱ्या प्रकारच्या उमेदवारांची गोष्ट. त्यांच्यासाठी म्युझियम कोण काढणार?

त्या काळी इंग्लंडमधे गरिबांचा खर्च त्यांच्या त्यांच्या पॅरिशवर असायचा. पॅरिश म्हणजे चर्चभोवतीचं गाव आणि त्याची पंचायत, असं समजा. विधवा बाई, चार पोरं, घरात दाणा नाही, की तिला मदत द्यायची ती पॅरिशने, गावकऱ्यांकडून कर गोळा करून. साहजिकच गावकऱ्यांना ही पोरं डोळ्यात खुपायची. त्यावरचा उपाय म्हणजे पोरगं कुणाकडे तरी उमेदवारीला बांधून टाकायचं. त्यात एक मस्त (म्हणजे भयंकर) पळवाट होती. उमेदवार परक्या पॅरिशमधे चाळीस दिवस राहिला, की तो कायद्याने तिथला होऊन जायचा. उद्या तो आजारी पडला, उपाशी राहिला, तर डोकेदुखी त्या गावाची. जुनं गाव मोकळं!

आणि समुद्राइतकं लांब दुसरं काय असणार? राणी अ‍ॅनच्या काळात, जॉर्ज राजे गादीवर यायच्या दहाएक वर्षं आधी, खास कायदाच झाला. पॅरिशच्या पैशावर जगणाऱ्या किंवा भीक मागणाऱ्या दहा वर्षांवरच्या मुलांना एकविसाव्या वर्षापर्यंत जहाजाच्या मालकाशी बांधून देता येईल. आईवडिलांची संमती? लागत नव्हती. दोन मॅजिस्ट्रेटच्या सह्या झाल्या की झालं. मुलाच्या कपड्यालत्त्यासाठी आणि अंथरुणासाठी पॅरिशने पन्नास शिलिंग द्यायचे. जहाजवाल्यांनाही सुटका नव्हती. तीस ते पन्नास टनांच्या जहाजाने एक मुलगा घ्यायचा, पुढच्या पन्नास टनांना आणखी एक, आणि त्यापुढच्या दर शंभर टनांना एकेक. हिशोब करून बघा, तीनशे टनांच्या कोळशाच्या जहाजावर चार पोरं. नाही म्हणालात तर दहा पौंड दंड.

म्हणजे मालकाला हे मूल नको असायचं, गावाला नको असायचं. आईला हवं असायचं, पण तिला विचारलंय कुणी!

करार दोन प्रतींत लिहायचे आणि मधून वेडावाकडा, दातेरी कापायचे. दोन्ही तुकडे जुळले तरच खरे. आपण जॉईन होताना दोन वर्षांच्या बॉन्डवर कुरकुरत सही करतो. इथे दहा वर्षांच्या पोराचा अकरा वर्षांचा बॉन्ड. पगार नाही. जेवण, कपडे, झोपायला जागा आणि काम. उत्तरेतून लंडनला कोळसा न्यायचा, रिकामं परत यायचं. पावसापाण्यात डोलकाठीवर चढून शिडं गुंडाळायची. कुकने सही केली तेव्हा तो सतरा-अठरा वर्षांचा होता, करार तीन वर्षांचा होता, आणि आधी वाण्याच्या दुकानात काम करून, ते आवडलं नाही म्हणून तो इथे आला होता. लहानपणी बापाच्या मालकाने त्याची शाळेची फी भरली होती. समुद्र दोघांचा तोच, कोळसाही तोच, पण एकाला दुकान सोडता आलं होतं.

सगळं काळंच होतं असं नाही म्हणत मी. गावात राहून उपाशी मरण्यापेक्षा जहाजावरची सुकी बिस्किटं बरी, असं म्हणणारे तेव्हाही होते. जोनास हॅनवे त्यातला. हा लंडनमधे पहिल्यांदा छत्री घेऊन फिरणाऱ्या पुरुषांपैकी एक, लोक हसायचे त्याला. १७५६ मधे त्याने मरीन सोसायटी काढली, रस्त्यावरच्या पोरांना अंघोळ घालून, नवे कपडे देऊन नेव्हीत पाठवायला. १७६३ पर्यंत दहा हजारांवर माणसं आणि मुलं पाठवली. लढाई चालू होती, नेव्हीला हात हवे होते. दयाळूपणा आणि गरज यांचं इतकं छान जमलेलं मी क्वचितच पाहिलंय.

पॅरिशच्या मुलांना कायद्याने एक सवलत होती. अठराव्या वर्षापर्यंत त्यांना नेव्हीची प्रेसगँग जबरदस्तीने उचलू शकत नव्हती. अठरा पूर्ण झाली की उचलू शकायची. प्रेसगँगचा राग इथे किती होता, ते पुलापलीकडच्या हॅगर्सगेट या गल्लीत कळतं. १७९३ च्या फेब्रुवारीत गावकऱ्यांनी तिथलं तिचं ठाणं फोडलं. त्यापायी एका म्हाताऱ्याला यॉर्कला फाशी झाली. एलिझाबेथ गॅस्केलने यावर पुढे ‘सिल्व्हियाज लव्हर्स’ ही कादंबरी लिहिली. ड्रॅक्युलाच्या मगांच्या आणि टी-शर्टांच्या गर्दीत तिची आठवण फारशी कुणी काढत नाही.

म्युझियम हिवाळ्यात बंद असतं, तेव्हा तारखा बघून जा. माळ्याचा जिना अरुंद आहे. आणि वर तुळयांना डोकं आपटतं, मी पाच फूट दोन इंच असूनही वाकूनच चालले. दहा वर्षांच्या मुलाला तिथे ताठ उभं राहता आलं असतं.